सलीम की सालिम? अर्थ, मूळ आणि नाव नेमकं कसं लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नातू झालाय, त्याच्या पणजोबांचं नाव सलीम होतं म्हणून तेच ठेवायचं घरात ठरलंय, पण नेटवर अर्थ बघितला तर प्रत्येक ठिकाणी "शांत" असं लिहिलंय, नात्यातले एकजण म्हणतायत की खरं नाव "सालिम" आहे, सलीम हा बिघडलेला उच्चार, दुसऱ्या कोणी सांगितलं की हे मुळात ज्यू लोकांचं नाव, आणि आजी म्हणते पुढे अब्दुल लावा. आता नक्की काय करायचं?

आधी सरळ उत्तर देते. सलीम आणि सालिम ही दोन वेगळी नावं आहेत, दोन्ही अस्सल अरबी, दोन्ही जुनी, कुठलंच कशाचं बिघडलेलं रूप नाही. दोन्हींचा अर्थ "शांत" नाही. अब्दुल लावू नका. आणि पणजोबांचं नाव ठेवताय तर पणजोबा स्वतः सही काय करायचे ते आधी बघा. आता यातलं एकेक जरा बैजवार सांगते, कारण अरबी शिकवता शिकवता नावांबद्दल हे असेच प्रश्न वर्षानुवर्षं माझ्याकडे येतायत आणि अर्धवट उत्तरांनी लोकांचा फार गोंधळ होतो, मग शाळेत एक नाव, आधारवर दुसरं, निकाहनाम्यात तिसरं.

अरबी नावाचा अर्थ काढायचा तर दोन गोष्टी बघायच्या, माद्दा आणि वजन. माद्दा म्हणजे मूळची तीन व्यंजनं. वजन म्हणजे ती व्यंजनं ज्या साच्यात बसवलीत तो साचा. नेटवरच्या नावांच्या याद्या यातलं काहीच करत नाहीत, एकाने टाकलं की दुसरा उचलतो, म्हणून सगळीकडे एकच चुकीचा अर्थ दिसतो आणि माणसाला वाटतं एवढ्या ठिकाणी आहे म्हणजे बरोबरच असणार.

इथे माद्दा आहे सीन-लाम-मीम, म्हणजे स-ल-म. याचा गाभ्याचा अर्थ: दोष नसणं, इजा नसणं, काही तुटलेलं-फुटलेलं नसणं, अख्खं असणं. आपल्याकडे सुखरूप, धडधाकट, निर्दोष म्हणतो ना, ते सगळं मिळून. सलाम म्हणजे मुळात "तुम्ही सुखरूप असा" ही इच्छा. शांती हा अर्थ त्यातूनच पुढे आलेला आहे, कारण जिथे इजा नाही तिथे शांती. पण माणसाचं नाव म्हणून सलीम ठेवता तेव्हा "शांत स्वभावाचा, कमी बोलणारा" असं काहीही त्यात येत नाही. मुलगा पुढे घर डोक्यावर घेणारा निघाला तरी नावाला काही बाधा येत नाही!

मराठीत या माद्द्याचे शब्द आपण रोज वापरतो. सलाम, सलामी, सलामत, सहीसलामत. "पोरं सहीसलामत घरी आली" असं म्हणतो तेव्हा अरबी मूळचा नेमका अर्थ आपल्या तोंडात असतो, त्यात शांततेचा संबंध नाही, कुणाला काही झालं नाही हा मुद्दा असतो. मुर्ग मुसल्लममधलं मुसल्लमसुद्धा याच घरातलं, अख्खी कोंबडी, तुकडे न केलेली. इस्लाम आणि मुस्लिम हेही इथलेच, स्वतःला पूर्णपणे अल्लाहच्या हवाली करणं आणि तसं करणारा.

मात्र ऐकायला सारखं वाटतं म्हणून सगळंच या घरात आणून बसवू नका. सालम मिश्रीचा याच्याशी काही संबंध नाही, तो शब्द अरबीतल्या "सअलब" म्हणजे कोल्हा यावरून आलेला, त्या कंदाच्या आकारावरून. आणि नगरजवळच्या डोंगरावर ज्याला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात ती खरं म्हणजे सलाबतखानाची कबर आहे, त्या सलाबतमधला स वेगळा, तो साद, त्याचा अर्थ कणखरपणा. देवनागरीत आपण सीन, साद आणि से तिघांनाही एकच स लिहितो त्यामुळे हा घोळ होतो.

आता वजन, म्हणजे साचा. खरा फरक इथे आहे.

सालिम हा "फाइल" या वजनाचा शब्द. (इंग्रजी फाइल नाही, अरबी व्याकरणात साचा दाखवायला फे-ऐन-लाम ही तीन अक्षरं वापरतात, त्यातून फाइल.) पहिल्या व्यंजनानंतर लांब आ, दुसऱ्यानंतर छोटी इ. मराठी माणसाला हा साचा शिकवायचीच गरज नाही, तो आधीच येतो: हाजीर, जाहीर, सामील, जामीन, काबीज, जालीम. हे सगळे अरबी फाइल आहेत. जालीम उपाय मधला जालीम म्हणजे अरबी जालिम, जुलूम करणारा. हा साचा "करणारा" किंवा "त्या अवस्थेत असलेला" असं सांगतो. म्हणून सालिम म्हणजे जो सुखरूप आहे, जो इजेतून वाचलेला आहे, ज्यातलं काही कमी झालेलं नाही.

सलीम हा "फईल" वजनाचा. पहिल्या व्यंजनावर छोटा अ, दुसऱ्यानंतर लांब ई. हाही मराठीत भरपूर आहे: गरीब, वकील, शरीफ, हकीम. हा साचा अंगात मुरलेला, कायमचा गुण सांगतो. म्हणून सलीम म्हणजे ज्याच्या घडणीतच खोट नाही असा.

अशा जोड्या अरबीत पुष्कळ आहेत आणि दोन्ही बाजू नावं म्हणून चालतात. हाकिम म्हणजे हुकूम चालवणारा, हकीम म्हणजे शहाणा, पुढे वैद्य. शाहिद म्हणजे साक्षीदार, शहीद आपल्याला माहीतच आहे. राशिद आणि रशीद, पहिल्या चार खलिफांना खुलफा-ए-राशिदीन म्हणतात आणि बगदादचा तो प्रसिद्ध खलिफा मात्र हारून अल-रशीद. कोणी म्हणत नाही की रशीद हा राशिदचा बिघडलेला उच्चार आहे. मग सलीमच्याच मागे का लागायचं?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी की मराठी लेखनामुळे या गोंधळात भर पडते. आपल्याकडे नियम आहे की अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ लिहायचा, म्हणून पेपरवाले शाहिदला शाहीद आणि खालिदला खालीद लिहितात, तसंच सालिमचं सालीम होतं. मराठी म्हणून त्यात चूक नाही. पण त्यामुळे ल ला पहिली आहे की दुसरी यावरून मराठी लेखनात काहीच कळत नाही, बघायचं असेल तर फक्त स कडे बघा. सा आहे की स, एवढ्यावर सगळा फैसला.

अर्थातला फरक वापरातून जास्त नीट कळतो. कुराणात "कल्ब सलीम" असा शब्द दोन ठिकाणी येतो, २६व्या सूरेत ८९व्या आयतीत आणि ३७व्या सूरेत ८४व्या आयतीत, दुसऱ्या ठिकाणी तो हजरत इब्राहीमबद्दल आहे. निखळ, ज्यात काही खोट नाही असं मन. पहिल्या ठिकाणी तर सांगितलंय की त्या दिवशी ना संपत्ती कामाला येईल ना मुलंबाळं, असं मन घेऊन येईल त्याचंच भलं. सलीम नावाला एवढा मान मिळतो तो मुख्यत्वे या शब्दामुळे, आणि मला विचाराल तर नातवाला अर्थ सांगायचा तर हाच सांगा. उर्दूत अक्ल-ए-सलीम म्हणजे ठिकाणावर असलेली, वाकडी न चालणारी बुद्धी, जौक-ए-सलीम म्हणजे चांगली, निकोप अभिरुची. आजच्या अरबीत व्याकरणात बरोबर असलेल्या वाक्यालासुद्धा "जुम्ला सलीमा" म्हणतात.

सालिमचा वापर जरा वेगळ्या अंगाने जातो, "काही कमी-जास्त झालं नाही" या बाजूने. अरबी व्याकरणात जे अनेकवचन मूळ शब्दाची मोडतोड न करता नुसता प्रत्यय लावून होतं त्याला सालिम म्हणतात आणि ज्यात शब्द आतून मोडतो त्याला मुकस्सर, म्हणजे मोडलेलं. मुस्लिमचं मुस्लिमून झालं, शब्द अख्खा राहिला, हे सालिम. किताबचं कुतुब झालं, आतून बदललं, हे मुकस्सर. आणि गझल लिहिणाऱ्यांना तर हा शब्द अगदी ओळखीचा असेल, ज्या बहरमधल्या, म्हणजे वृत्तातल्या, गणांना काटछाट नसते ती सालिम बहर. मराठी गझलेत वियद्गंगा म्हणून जे वृत्त आहे, लगागागा चार वेळा, ते म्हणजे उर्दूतली हजज मुसम्मन सालिम. तर सालिम म्हणजे न कापलेलं, न तुटलेलं, पूर्ण.

अर्थात दोन्ही शब्दांचे अर्थ एकमेकांत मिसळतात, अरबी कोशात एकाचा अर्थ सांगताना दुसरा वापरलेला दिसतो. फार ताणून भेद करण्यात अर्थ नाही, पण शब्द दोन आहेत हे पक्कं.

सलीमचा एक वापर असा आहे जो नावांच्या यादीत तुम्हाला कधी सापडणार नाही आणि मला तो फार आवडतो. जुने अरब साप चावलेल्या माणसाला "सलीम" म्हणायचे! हो, साप चावलेल्याला. जुन्या कवितेत हा वापर आहे, रात्रभर ज्याला झोपू देत नाहीत तो सलीम, कारण झोपला तर विष चढेल अशी समजूत. चावलेला, डसलेला असं तोंडाने म्हणायचं नाही, चांगला शब्द घ्यायचा म्हणजे चांगलं होईल, सुखरूप होईल. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडेसुद्धा साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात, आणि बांगडी फुटत नाही, वाढवते. अभद्र तोंडातून काढायचं नाही म्हणून भद्र शब्द पुढे करायचा. मुलाचं नाव सलीम ठेवण्यातही ही दुआ आहेच, की हा सुखरूप राहो. ज्या काळात निम्मी पोरं लहानपणीच जायची त्या काळात आईबापांना असं नाव का ठेवावंसं वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

आता माणसं. इस्लामच्या सुरुवातीच्या काळात सालिम हे नाव ज्यांच्यामुळे मोठं झालं ते सालिम मौला अबू हुजैफा. मूळचे इराणमधल्या इस्तखरचे सांगतात, गुलाम होते, नंतर मुक्त झाले. पण कुराण त्यांना इतकं चांगलं येत होतं की पैगंबर मदिनेला पोचायच्या आधी कुबा इथे पहिल्या मुहाजिरांची, म्हणजे मक्का सोडून आलेल्यांची, नमाज हे पढवायचे, त्यात मक्केच्या कुरैश टोळीतले भले भले मागे उभे असायचे. ज्या चौघांकडून कुराण शिका असं पैगंबरांनी सांगितलं त्यात यांचं नाव आहे. यमामाच्या लढाईत ते शहीद झाले. पुढे खलिफा उमरचे चिरंजीव अब्दुल्ला यांनी आपल्या मुलाचं नाव सालिम ठेवलं ते याच सालिमवरून, असं जुन्या चरित्रग्रंथांत आलंय, आणि तो सालिम इब्न अब्दुल्ला मदिनेच्या मोठ्या विद्वानांत गणला गेला. म्हणजे खलिफाच्या घरात एका मुक्त केलेल्या गुलामाचं नाव मानाने दिलं गेलं. मला वाटतं नावाचा अर्थ सांगताना ही गोष्ट पण मुलांना सांगावी, नुसता शब्दार्थ पुरत नाही.

सलीम म्हटलं की आपल्याकडे लगेच शहजादा आठवतो. अकबराला मुलं होत होती पण जगत नव्हती, म्हणून तो सीक्रीच्या शेख सलीम चिश्तींकडे जायला लागला, राणीला बाळंतपणासाठी तिथेच ठेवलं आणि १५६९ साली ऑगस्टमध्ये मुलगा झाला तेव्हा शेखांचंच नाव त्याला दिलं. गंमत म्हणजे जहांगीर स्वतः आठवणींत लिहितो की वडिलांनी मला कधी सलीम म्हणून हाक मारली नाही, कायम शेखूबाबा म्हणायचे. आदराच्या माणसाचं नाव तोंडाने कसं घ्यायचं म्हणून. आपल्याकडेही सासऱ्याचं नाव मुलाला ठेवलं की सून त्याला बाळ, बाबू असंच काहीतरी म्हणते, तसलाच प्रकार. मग १६०५ मध्ये गादीवर बसल्यावर त्याने सलीम हे नाव बाजूला ठेवून जहांगीर घेतलं, त्याचं कारणही त्यानेच दिलंय की सलीम नाव रूमच्या बादशहांशी सारखं होतं. रूमचे म्हणजे उस्मानी तुर्क. त्यांचा पहिला सलीम, ज्याने १५१७ मध्ये इजिप्त जिंकलं, आणि नंतर त्याचा नातू दुसरा सलीम. तुर्की लोक त्याला सेलिम म्हणतात, नाव हेच.

दिल्लीतला सलीमगड मात्र या शहजाद्याचा नाही, पुष्कळ जणांचा तसा समज असतो. तो शेरशाहाच्या मुलाने, सलीमशाह सूरने १५४६ मध्ये बांधला, म्हणजे जहांगीरच्या जन्माआधी. या सूर राजाला इस्लामशाह पण म्हणतात. इस्लाम आणि सलीम, एका माद्द्याचे दोन शब्द एकाच माणसाला लागलेले.

आणि सालिम कोणी बघायचा तर आपल्या मुंबईचे पक्षीतज्ज्ञ सालिम अली. १२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत जन्म, लहानपणी आईवडील गेले, खेतवाडीत मामांकडे वाढले. ते इंग्रजीत नाव लिहिताना पहिल्या ए च्या डोक्यावर तिरकी रेघ द्यायचे, कारण नाव सालिम आहे, सलीम नाही. पण आपण मराठीत सर्रास डॉ. सलीम अली म्हणतो, औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) सरोवरसुद्धा लोक सलीम अली सरोवर म्हणूनच ओळखतात. ज्यांनी आयुष्यभर आपल्या नावावरची ती एवढीशी रेघ सांभाळली त्यांचं नाव आपणही नीट म्हणावं असं मला मनापासून वाटतं. सालिम अली. अवघड काहीच नाही.

ज्यू नाव आहे का, या प्रश्नाचं उत्तर: नाही, पण नातं आहे. अरबी आणि हिब्रू या सख्ख्या भाषा, दोन्ही सामी कुळातल्या. अरबीतलं स-ल-म हिब्रूत श-ल-म होतं, म्हणून इकडे सलाम तर तिकडे शालोम, इकडे सुलैमान तर तिकडे श्लोमो, इंग्रजीतून आलेलं सॉलोमन. रायगड-अलिबागकडच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल कुटुंबांत सॉलोमन नाव असतं, ते याच मुळाचं. सुलैमान हे नाव अरबीत बाहेरून, त्या नावाच्या पैगंबरांच्या कथेबरोबर आलं. सलीम-सालिमचं तसं नाही, ते अरबीच्या स्वतःच्या साच्यात तयार झालेले शब्द आहेत. सलमान पण या माद्द्याचा, म्हणून सलीम खान आणि सलमान खान हे बापलेक नावानेही एका मुळाचे. मुलींमध्ये सलीमा, सालिमा आणि सलमा, या तीनही वेगळ्या, त्यातली सलमा तर इस्लामच्या आधीपासूनची.

अब्दुलबद्दल आजीचा हेतू चांगला आहे पण थांबा. "अब्दुल" म्हणजे "...चा बंदा", म्हणजे सेवक, अर्धाच शब्द आहे तो, पुढे अल्लाहचं नाव यायला हवं. अल्लाहच्या ९९ नावांच्या प्रचलित यादीत अस-सलाम आहे, सलीम नाही. म्हणून अब्दुस्सलाम हे नाव अर्थपूर्ण, अब्दुल सलीम म्हणजे "निर्दोष माणसाचा बंदा" असं काहीतरी होतं जे तुम्हाला म्हणायचंच नाहीये. लोक ठेवतात, मला माहितीय, कोणाचं आधीच असेल तर त्यांना टोकायला जाऊ नका. पण नवीन ठेवताना कशाला? अब्दुल हवंच असेल तर अब्दुस्सलाम ठेवा, माद्दा तोच राहतो. नाहीतर महंमद सलीम, सलीम अहमद, यातलं काहीही चालतं.

राहिलं लिहायचं कसं ते. उर्दूत सलीम म्हणजे सीन, लाम, ये, मीम आणि सालिम म्हणजे सीन, अलिफ, लाम, मीम. दोन्हीत चार-चारच अक्षरं. पणजोबांचा निकाहनामा, जुनं खरेदीखत, पुस्तकावरची सही, काहीही उर्दूतलं घरात असेल तर काढा आणि बघा, सीननंतर उभी अलिफ आहे का. असली तर ते सालिम होते आणि घरात हाक मारता मारता सलीम झालं. नसली आणि लामनंतर ये असला तर सलीम, आणि मग नात्यातल्या त्यांना तो कागदच दाखवा. (अरबीत सीन-लाम-ये-मीम हे "सुलैम" असंही वाचता येतं, बनू सुलैम म्हणून मोठी टोळी होती, पण आपल्याकडे ते नाव जवळजवळ कोणी ठेवत नाही म्हणून त्याची चिंता करू नका.) जहांगीरसारखीच पंचाईत तुमच्याकडेही होईल बहुतेक, घरातली मोठी माणसं पणजोबांचं नाव घेऊन पोराला रागावणार नाहीत, तेव्हा एखादं घरगुती हाक मारायचं नावही आत्ताच ठरवून ठेवा.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये एस-ए-एल-आय-एम लिहिलं तर दोन्हीपैकी काहीही वाचलं जातं. सलीम ठरलं तर शेवटी डबल ई घ्या, एस-ए-एल-ई-ई-एम. सालिम ठरलं तर सुरुवातीला डबल ए घ्या. फक्त वडिलांच्या कागदपत्रांत पणजोबांचं किंवा आजोबांचं नाव आधीच सिंगल आय ने असेल तर त्याची काळजी करू नका, ते वेगळ्या माणसाचं नाव आहे, बाळाचं स्वतंत्र. महत्त्वाचं एवढंच की नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग आणि जे देवनागरी पडेल तेच पुढे आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे तसंच्या तसं जायला हवं, म्हणून फॉर्म भरताना मराठी रकान्यात स्वतःच्या हाताने लिहा, खिडकीतल्या माणसाला तोंडी सांगू नका, आणि दाखला हातात घेतला की तिथेच उभं राहून वाचून बघा.